मागावरचा खडू

महादेव तेरदाळे यांचा निवृत्तीचा सत्कार अगदी रीतीप्रमाणे झाला. म्हणजे शाल आखूड निघाली, फोटो काढताना नारळ निसटून पाहुण्यांच्या पायावर पडता पडता राहिला, आणि सत्कारमूर्तींना काही बोलायचं आहे का, हे विचारायला सगळेच विसरले. खंडेनवमीचा दिवस होता. इचलकरंजीच्या त्या कारखान्यात झाडून सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मधल्या काचेच्या खोलीत फूल न्यायला बंदी, म्हणून तिथल्या यंत्राची माळ बाहेर दाराच्या मुठीला अडकवली होती. त्या एका यंत्रापाशी तेरदाळेमामांनी अकरा वर्षं काढली होती.

भाषण केलं विनया जमदाडेनं. वय एकतीस, मूळची जयसिंगपूरची, पुण्यात नाव काढलेली आणि जुलैपासून खास एका कामासाठी इथं आलेली. बोलता बोलता ती म्हणाली, "आजपासून हे यंत्र कुणा एका माणसावर अवलंबून राहणार नाही!" टाळ्या पडल्या. मामांनीही वाजवल्या. आपण मामांचं कौतुकच केलं, असं तिला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं होतं. कौतुकाच्या ओघात आपण एका माणसाला परस्पर मोडीत काढून मोकळं झालो, हे तिला कळायला पुढचा फाल्गुन उजाडावा लागला.

आता हे यंत्र काय होतं, ते सांगायला हवं. साल २०४०. इचलकरंजीत कापडाचे माग थोडेच उरले होते, पण विणण्याचं शहाणपण गावातून कुठं जातंय? बुगडांच्या याच शेडमध्ये आजोबांनी धोतरं विणली, वडिलांनी शर्टिंग विणलं, आणि आता नातू उदय बुगड माणसाच्या धमन्या विणत होता. पायातली बारीक धमनी तुंबली की तिला बगल देऊन रक्त पुढं न्यायला दुसरी नळी जोडावी लागते. प्लॅस्टिकची नळी इतकी बारीक केली की तीही तुंबते, कारण ती ताठ असते. नाडीच्या ठोक्याबरोबर धमनी फुगते, नळी फुगत नाही, आणि जोडावर रक्त गोठतं. त्यावर उपाय निघाला रेशमाचा. केसाच्या दहाव्या हिश्शाइतके शहाण्णव धागे गोल फिरवत अशी नळी विणायची की ती नेमक्या त्या रोग्याच्या धमनीइतकीच ताणली जाईल. मग त्याच्याच पेशी वाढवून त्या नळीच्या आत पेरायच्या. वर्षभरात रेशीम शरीरात विरघळून जातं आणि त्या जागी उरते ती माणसाची स्वतःची, नवी धमनी.

प्रत्येक रोग्याची नळी वेगळी, म्हणून प्रत्येक वेळी यंत्राची मांडणी वेगळी. ही मांडणी एका फाइलमध्ये लिहिलेली असे. यंत्र सुरू झालं की त्याचं सॉफ्टवेअर आधी ती फाइल वाचायचं: कुठल्या रिळाला किती ताण, कुठली सुई कधी, वेग किती, थांबायचं कशावर. साधा मजकूर, ओळीखाली ओळ, आणि एक स्वल्पविराम चुकला की यंत्र ढिम्म हलत नसे. ही फाइल हाताळणारा माणूस अख्ख्या कारखान्यात एकच. तेरदाळेमामा. मूळचे ते मागावरचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग नीट करणारे कारागीर. पन्नाशी उलटल्यावर ते कीबोर्डपुढं बसले, दोन बोटांनी टाइप करायला शिकले आणि यंत्राला वळण लावून दाखवलं. पण आता त्यांचं वय सदुसष्ट झालं होतं आणि हात कापू लागला होता.

म्हणून विनयाला बोलावलं होतं. तिनं फाइलमधले आकडे चित्रावरून बदलता येतील असा संपादक, म्हणजे एडिटर, बनवला. पडद्यावर यंत्राचं चित्र दिसायचं. रिळावर बोट ठेवलं की त्याच्या ताणाची तबकडी उघडायची, काटा हिरव्या पट्ट्यात फिरायचा, आणि पट्ट्याबाहेर गेला की पडदा लाल होऊन आकडा घ्यायलाच नकार द्यायचा. चूक करायचीच म्हटलं तरी करता येऊ नये, असा तिचा बाणा होता. शमा मोमीन नावाची ऑपरेटर तीन दिवसांत सगळं शिकली. पहिली नळी एकटीनं विणली तेव्हा शमा खुर्चीवरून उठून विनयाच्या गळ्यात पडली. मामांनी काचेतून ते पाहिलं, मान हलवली आणि ते चहाला निघून गेले.

त्यानंतर महिन्याभरानं सत्कार झाला.

*

माघ सरता सरता विनयाच्या वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला.

अण्णा जमदाडे बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. साखरेनं आधी हृदय गाठलं होतं. तेव्हाच्या बायपासमध्ये पायातल्या चांगल्या शिरा खर्ची पडल्या होत्या. आता पायाला रक्त पोचवायला शरीरात शीरच शिल्लक नव्हती. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की विणलेली नळी मिळाली तर पाय राहील, नाहीतर गुडघ्यावरून काढावा लागेल.

"बरोबर उजवाच घावला," अण्णा म्हणाले. "बत्तीस वर्षं ॲक्सिलरेटरवर ठेवला. रिटायर झाल्यावर आता त्याचं काय काम, असं डॉक्टरला वाटलं असंल."

विनया हसली नाही. हे असं विनोद करणं म्हणजे अण्णांचं घाबरणं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मनात ती निर्धास्त होती. नळी कुठं विणणार? तिच्याच यंत्रावर. तिच्याच पडद्यावर शमा आकडे लावणार. अण्णांच्या पेशी काढून मिरजेत वाढवायला ठेवल्या, त्याला तीन आठवडे लागले. एका सोमवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला की पेशी तयार आहेत आणि त्या शुक्रवारपर्यंत टिकतील. त्याच्या आत नळी पोचली पाहिजे. पुन्हा वाढवायच्या म्हटल्या तर आणखी तीन आठवडे, आणि तेवढा धीर तो पाय धरणार नव्हता.

मंगळवारी सकाळी आठला यंत्र सुरू झालं. एक नळी विणायला नऊ तास लागतात आणि मध्ये धागा तुटला की सगळं वाया. गाठ मारलेली धमनी कुणाच्या पायात घालणार? बाराला सगळं छान होतं. बारा वीसला धागा तुटला.

पडद्यावर सगळे काटे हिरव्या पट्ट्यात होते. विनयानं ताण थोडा कमी केला, पट्ट्याच्या पार खालच्या टोकाला आणला, नवी रिळं लावली. पुन्हा तुटला. रिळांच्या खोलीत पाण्याच्या पराती ठेवल्या. रात्री हवा जरा दमट होते म्हणून रात्रीही चालवून पाहिलं, पण दिवसभर सुकलेलं रेशीम वरवर ओलं झालं आणि आतून कोरडंच राहिलं. बुधवारी दुपारी पुन्हा साडेबाराच्या सुमारास तुटलं, तेव्हा उदय बुगड काचेपाशी येऊन नुसते उभे राहिले. भला माणूस होता.

"ताई," शमा दबकत म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात मामा फाइलमध्ये कायतरी करायचे. यंत्राचा आवाज ऐकायचे आन् आत जाऊन काही ओळी उठवायचे. 'उठवतो' असंच म्हणायचे."

"कुठल्या ओळी?"

"ते कुणाला ठावं? तुमच्या चित्रात त्या न्हाईत."

विनयानं ऑगस्टमधली मूळ प्रत शोधून काढली. संपादक पहिल्यांदा जोडला त्या दिवशी तिनं सवयीनं एक प्रत बाजूला ठेवली होती, आणि नंतर तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. फाइल उघडली आणि तळाचा ओळींचा आकडा तिनं दोनदा वाचला.

त्या फाइलमध्ये चार हजार एकशे सव्वीस ओळी होत्या. तिच्या संपादकानं सांभाळल्या होत्या दोन हजार चारशे एकोणीस. उरलेल्या सतराशे सात ओळींच्या सुरुवातीला जाळीसारखं एक चिन्ह होतं. प्रोग्रामर त्याला हॅश म्हणतात. ओळीच्या आधी हॅश असला की यंत्र ती ओळ वाचत नाही, सरळ पुढं जातं. यंत्र वाचत नाही म्हणून तिच्या संपादकानंही वाचल्या नाहीत. पहिल्यांदा फाइल जतन झाली त्याच क्षणी, कचरा झाडावा तशा, त्या सगळ्या झाडल्या गेल्या. इतकं स्वच्छ काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

तिनं 'कोरडं' हा शब्द शोधला. सापडला.

"# हवा कोरडी झाली की खालच्या सतरा ओळी उठव. ताण दोन बोटं ढिला. आकडा लिहीत नाही, रोज बदलतो. बोट लावून बघ."

खाली सतरा ओळी होत्या, हॅश लावून झोपवलेल्या. म्हणजे 'उठवणं' हे होतं: हॅश काढायचा, की ओळ जागी. पण दोन बोटं म्हणजे किती? विनयानं पडद्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. त्या बोटांनी कधी धाग्याला हात लावला नव्हता.

*

गुरुवारी सकाळी सातला ती मामांच्या गल्लीत पोचली. मामा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांची बायको गंगव्वा हिनं विनयाला पाहिलं, पदर सावरला आणि चहा ठेवायला आत गेली.

"आलीस व्हय," मामा म्हणाले. "बस की."

"मामा, धागा तुटतोय."

"तुटणारच. फाल्गुन हाय." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "किती वाजता तुटतोय?"

"बारा वीस. साडेबारा."

"हां. मग बराबर."

विनयानं सरळच विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलाय का? घरी बसावं लागलं म्हणून?"

मामांनी शेंगांची परडी बाजूला ठेवली. "घरी बसलो त्याचा कसला राग? हात कापाय लागलाय. कधीतरी चुकीचा आकडा पडला असता आन् कुनाच्या तरी जिवावर आलं असतं. तू केलंस ते चांगलंच केलंस. शमा पोरगी विणाय लागली, मला बरं वाटलं." त्यांनी हातावरची टरफलं झटकली. "पर तू माझा खडू पुसलास."

"खडू?"

मग मामांनी सांगितलं. जुन्या शेडमध्ये दोन पाळ्या असायच्या. पाळी संपवून घरी जाणारा जॉबर मागाच्या लोखंडी बाजूवर खडूनं लिहून जायचा: पट्टा सैल आहे, डावीकडं तेल कमी दिलंय, हा माग उद्या त्रास देणार. येणारा जॉबर आधी खडू वाचायचा आणि मगच मागाला हात लावायचा. दोघांचं तोंड बघणंसुद्धा कधी कधी व्हायचं नाही, पण वर्षानुवर्षं बोलणं असं चालायचं. आणि दुसऱ्याचा खडू कुणी पुसायचा नाही. लिहिणाराच पुसणार. एकदा एका नव्या माणसानं माग स्वच्छ दिसावा म्हणून सगळ्यांचे खडू ओल्या फडक्यानं पुसून टाकले, तर अख्खी पाळी त्याच्याशी महिनाभर बोलली नव्हती.

"काचंच्या खोलीत खडू न्हेता येईना," मामा म्हणाले. "म्हणून फाइलीत लिहाय लागलो. यंतर त्या ओळी वाचत न्हाई, मला ठावं हुतं. त्या यंतरासाठी नव्हत्याच. मागनं येणाऱ्या मानसासाठी हुत्या. सत्काराच्या आदल्या दिवशी शमाला म्हटलं, जरा फाइल उघड, शेवटचं काय चार शबुद लिहून जातो. उघडली तर मोकळी. माझं एक अक्षर न्हाई."

विनयाचे डोळे भरून आले. तिला सत्कारातल्या त्यांच्या टाळ्या आठवल्या. "मला खरंच माहीत नव्हतं, मामा. तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं."

"लिहिलं हुतं की," मामा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी पायांनी चपला चाचपडल्या. "किती दिवस हाईत हातात?"

"आज आणि उद्या."

"मग च्या नको आता. गंगव्वा, माझी टोपी दे."

स्कूटरवर निम्मी वाट झाल्यावर विनयानं मागं न बघता सांगितलं, "मामा, नळी माझ्या वडिलांची आहे. आधी सांगायची लाज वाटली."

मामा तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "त्यात काय? समद्या नळ्या कुनाच्या तरी वडलांच्याच असत्यात. पुढं बघून चालव."

*

काचेच्या खोलीतली हवा यंत्रानं राखलेली असे. रिळं मात्र अलीकडच्या खोलीत, आपल्यातुपल्यासारख्याच हवेत असत. खोड तिथंच होती. पावसाळ्यात रेशीम ओलावा धरून असतं आणि ओढ सोसतं. फाल्गुनात ते आतून कोरडं पडतं आणि तोच ताण त्याला सोसत नाही. विनयानं संपादक बनवला भर पावसात. हिरवा पट्टाही तिनं ठरवला तो फाइलमधल्या जाग्या ओळींवरून, म्हणजे निव्वळ पावसाळ्याच्या आकड्यांवरून. उन्हाळ्याच्या ओळी हॅशमागं झोपल्या होत्या आणि तिनं त्या झाडून टाकल्या होत्या.

मामांनी हातमोजा घातला. हात थरथरत होता. "मनगट धर," ते विनयाला म्हणाले. तिनं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं, तसा हात स्थिर झाला आणि त्यांनी तर्जनी धाग्यावर हलकेच टेकवली.

"शमा, सोड जरा. अजून. अजून."

शमा काटा खाली आणत होती. अडतीसवर पडदा लाल झाला आणि 'हा आकडा चालणार नाही' अशी पाटी आली.

"मामा, पुढं जाईना."

"मला तर अजून ढिला पायजे." मामा विनयाकडं वळले. चेहऱ्यावर हसू होतं. "तुझं चित्र न्हाई म्हणतंय बघ."

विनयानं एकदा पडद्याकडं पाहिलं आणि एकदा धाग्यावरच्या बोटाकडं. तो पट्टा तिनंच आखला होता, त्यासाठी दोन महिने खपली होती, आणि पट्ट्याबाहेर कुणी गेलं तर जबाबदारी त्याची, असं कागदावर तिच्याच सहीनं लिहिलेलं होतं. बोट चुकलं तर एक दिवस जाणार होता आणि हातात दोनच दिवस होते. उदय बुगड दारात उभे होते. ती त्यांना म्हणाली, "पट्टा चुकलाय. माझा चुकलाय. मी हातानं लिहिते." त्यांनी मान डोलावली.

तिनं संपादक बंद केला. साधी फाइल उघडली, काळ्यावर पांढरी अक्षरं, मामांच्या जमान्यातली. सतरा ओळी मूळ प्रतीतून आणून ठेवल्या आणि एकेकीचा हॅश काढला. मग शमानं मनगट धरलं, मामांनी बोट टेकवलं, आणि विनया आकडा एकेक करून उतरवत गेली. छत्तीस. चौतीस. तेहतीस.

"अजून."

बत्तीस. एकतीस.

"थांब. हे दोन बोटं." मामांनी बोट उचललं. "आता तू ये. लाव बोट. ध्यानात ठेव, पुढल्या वर्षी मी असंन नसंन."

विनयानं बोट लावलं. धागा दिसतही नव्हता, नुसता जाणवत होता. किंचित दबला आणि परत आला, नाडी बघताना येते तसा. हे शिकवायला या माणसानं अकरा वर्षं कुणाची तरी वाट पाहिली होती, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण हातमोजे घातलेले होते.

साडेनवाला यंत्र सुरू झालं. बारा वाजले. बारा वीस झाले, साडेबारा झाले, धागा तुटला नाही. दोनला बुगडांनी सगळ्यांना जेवून घ्या म्हणून सांगितलं, पण जेवायला कुणी हललं नाही. मामा खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं वाटायचं, पण सुईचा सूर जरा बदलला की त्यांची भुवई हलायची. साडेसहाला यंत्रानं घंटी दिली. ट्रेमध्ये बेचाळीस सेंटिमीटर लांबीची, पांढरीशुभ्र, एकसंध नळी पडली होती.

रात्रभर ती नळी पाण्यात ठेवून, तिच्यातून नाडीसारखे ठोके देऊन तपासली. टिकली. शुक्रवारी सकाळी उदय बुगड स्वतः गाडी काढून ती मिरजेला घेऊन गेले.

*

पेशी पेरलेली नळी अण्णांच्या पायात बसली त्याला सात दिवस झाल्यावर पट्टी सोडली. डॉक्टरीणबाईंनी घोट्याजवळ यंत्र टेकवलं आणि ठोक्यांचा आवाज खोलीभर आला. अण्णांनी विनयाचा हात धरला.

"पाय गरम लागतोय गं," ते म्हणाले. एवढंच. या वेळी विनोद केला नाही. विनया खिडकीपाशी जाऊन पोटभर रडली. देवाचे आभार मानले, डॉक्टरीणबाईंचे मानले, शमाचे मानले, आणि सगळ्यात जास्त त्या थरथरत्या हाताचे मानले.

पुण्याला परत जायची तारीख तिनं पुढं ढकलली. संपादक पुन्हा उघडला आणि जवळजवळ नव्यानं केला. आता पडद्यावर रिळाला बोट लावलं की तबकडीच्या आधी एक पिवळी चिठ्ठी उघडायची. त्या जागेला तिनं नाव दिलं 'खडू'. मागच्या माणसाचा खडू वाचल्याशिवाय काटा हलायचा नाही, आणि ज्यानं लिहिला त्याच्याशिवाय तो कुणाला पुसता यायचा नाही. हिरवा पट्टा आता ऋतूप्रमाणं सरकायचा, आणि त्याबाहेर जायचं असेल तर संपादक नकार देत नसे. का, ते लिहून जा, एवढंच म्हणायचा. मामा आठवड्यातून दोन दुपारी यायचे आणि शमा व विनया दोघींच्या बोटांची परीक्षा घ्यायचे. बहुतेक वेळा नापास करायचे.

सतराशे सात ओळी विनयानं एकेक करून चिठ्ठ्यांवर चढवल्या. हे काम यंत्राकडून मिनिटभरात झालं असतं, पण तिनं हातानं केलं. वाचत वाचत केलं. काही ओळी सुयांच्या होत्या, काही तेलाच्या, आणि कितीतरी नुसत्या माणसांच्या. "# १२ मे. सोलापूरची बाई. नळी ३.८ मिमी. पहिल्या झटक्यात झाली. बरी होऊ दे." "# ३ ऑगस्ट. गडहिंग्लजचे मास्तर. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा झाली. मास्तर, माफी असावी." अकरा वर्षांत नळी विणून दिलेल्या एकाही माणसाला मामांनी नुसता आकडा म्हणून सोडलं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती शेवटच्या चार ओळींवर आली. वर तारीख होती १४ जुलै. ती इथं आली त्या आठवड्यातली.

"# पुण्याहून पोरगी आली आहे. विनया. हुशार आहे. घाईची आहे. कुणाला विचारत नाही. मीही तसाच होतो.
# पोरी, हे वाचशील तेव्हा बहुतेक उन्हाळा असेल आणि धागा तुटत असेल. घाबरू नको. वर सतरा ओळी आहेत, त्या उठव.
# तरी जमलं नाही तर हाक मार. मी गल्लीतच आहे. कधीही ये.
# वाचून झालं की हे पुसलंस तरी चालेल."

विनयानं चारही ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. तिच्या नावानं लिहिलेलं पत्र तिनं न वाचता पुसलं होतं, आणि लिहिणारा माणूस त्यानंतरही ओट्यावर बसून तिच्या हाकेची वाट पाहत होता. "लिहिलं हुतं की," तो म्हणाला होता. ती समजली होती की तो सतरा ओळींबद्दलच बोलतोय.

बाहेर गलका झाला. अण्णा आले होते. रिक्षा गेटपाशीच सोडून, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी, शेडच्या दारापर्यंत. मामांना भेटायचं म्हणून हट्ट धरून आले होते. मामा खुर्चीवरून उठले आणि त्यांनी आधी अण्णांच्या चेहऱ्याकडं नाही, उजव्या पायाकडं पाहिलं. मग दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून नुसते उभे राहिले, आणि दोघांपैकी कुणाचा हात कापतोय, ते काही कळेना.

विनयानं काचेतून ते पाहिलं. मग ती कीबोर्डकडं वळली आणि मामांच्या शेवटच्या ओळीखाली तिनं आपला पहिला खडू लिहिला.

"# ७ मे. जयसिंगपूरचे जमदाडे ड्रायव्हर. नळी ४.१. आज गेटपासून दारापर्यंत चालत आले.
# मामा, वाचलं. उशिरा वाचलं. पुसत नाही."